तात्यांनी पाणी घेतलं का?

वर्षभर पाण्याचा थेंब न पिता जगू शकणाऱ्या प्राण्याला पाणी पाजायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कोणी नेमून दिलेलं नाही. लग्न झालेल्या माणसाकडे कामं येतात आणि राहतात, तसं ते आलं आणि राहिलं.

प्राणी म्हणजे कासव. मुक्काम चँडलर, अ‍ॅरिझोना. आमच्या घरामागच्या बिळात. नाव तात्या. खरं वय कोणालाच ठाऊक नाही. ही वाळवंटी कासवं पन्नास-साठ वर्षं सहज जगतात. दत्तक देताना केंद्रातल्या बाई मला खालून वर न्याहाळत म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा मोठा असू शकेल." तेव्हापासून आमच्याकडे तात्यांना अरे-तुरे करणं बंद झालं. सकाळी उठल्या उठल्या बायको विचारते, "तात्यांनी पाणी घेतलं का?" मी घेतलं का, हे विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

दत्तक म्हणजे खरोखरचं, अर्ज भरून घेतलेलं दत्तक. इथल्या रानातलं कासव उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे. पण लोकांच्या परसात वर्षानुवर्षं वाढलेली कासवं आणि त्यांची पिल्लं एवढी झाली आहेत, की अ‍ॅरिझोनाचं गेम अँड फिश खातं ती इच्छुक कुटुंबांना देतं. माणशी एक. त्याला राज्याबाहेर नेता येत नाही आणि कंटाळा आला म्हणून रानात सोडताही येत नाही. सगळ्या अटी वाचून झाल्यावर बायको म्हणाली, "आपल्या लग्नात एवढं बारीक वाचलं नव्हतं." अर्जासोबत अंगणाचा नकाशा द्यायचा, बीळ आधी तयार ठेवायचं, त्याचे फोटो पाठवायचे. मला या देशात घर भाड्याने घेताना एवढं काही दाखवावं लागलं नव्हतं.

त्यात तात्यांची स्वतःची कागदपत्रंही सरळ नाहीत. २०११ पर्यंत ही सगळी वाळवंटी कासवं एकाच प्रजातीत मोडायची. त्या वर्षी शास्त्रज्ञांनी ठरवलं, की कोलोरॅडो नदीच्या पलीकडची ती मोहावी आणि अलीकडची ती सोनोरन. या दोन वेगळ्या प्रजाती. तात्या अलीकडचे. प्रमाणपत्र बदललं, तात्यांना कोणी कळवलं नाही, आणि त्यांनी हरकतही घेतली नाही.

आता पाण्याचं. फिनिक्सच्या परिसरात वर्षाकाठी साधारण सात इंच पाऊस पडतो. महाबळेश्वरात जुलै महिन्यात तेवढा एका दिवसात पडून जातो आणि दुसऱ्या दिवशी कोणाला त्याची आठवणही राहत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सचं तापमान सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याच्याही वर चढत होतं. त्या महिन्यात इथली माणसं गाडीचं स्टिअरिंग धरायला हातमोजे शोधत होती. अशा हवेत कोणी तरी तहानलेलं असणार, या काळजीने मी तात्यांच्या बिळापाशी जायचो. तात्या आत, गार मातीत, डोळे मिटून. मी बाहेर, घामाघूम.

पाणी ठेवायला कुंडीखाली ठेवतात ती मातीची ताटली आणली. पाणी हनुवटीपर्यंतच हवं, कारण जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. खोल पाण्यात ते सरळ बुडतं. तात्यांनी या ताटलीची पहिल्याच दिवशी पाहणी केली. मग ती उपडी केली. सुलटी करून पुन्हा भरली, तर तिच्यात चढून बसले. बसल्यावर माणसाने जे एकांतात करावं ते केलं, आणि उतरून निघून गेले. पिणं तेवढं राहिलं.

आमच्या घरामागे पोहण्याचा तलाव आहे. इथे बऱ्याच घरांमागे असतो; आपल्याकडे दारापुढे तुळस असते त्याच सहजतेने. तात्या बुडू नयेत म्हणून तलावाभोवती बुटकी भिंत घातली. तर ताटलीतल्या दोन बोटं पाण्याकडे पाठ फिरवणारे तात्या त्या भिंतीला नाक लावून तासन्‌तास पलीकडच्या हजारो गॅलनकडे रोखून पाहत बसू लागले. भिंतीतून दिसत काहीच नसणार. पण तिथे आहे आणि आपल्याला देत नाहीत, एवढं त्यांना समजलं होतं.

मी एक वही घातली. तारीख, वेळ, 'ताटलीजवळ आले', 'ताटलीकडे पाहिलं', 'प्यायले असावेत'. शेवटच्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हं होती. मुलगी एकदा वही चाळून म्हणाली, "बाबा, तो डेझर्ट टॉर्टॉइज आहे. नाव वाचलंस ना?"

मुलांना फार लहान वयात वाचायला शिकवतात इथे.

मग मला लहानपणी कीर्तनात ऐकलेलं आठवलं. संतांच्या अभंगांत कासवी पिलांना दूध पाजत नाही, घासही भरवत नाही. नुसत्या नजरेने पोसते. आमच्या आजीचा यावर पूर्ण विश्वास होता. प्रत्यक्षात इथली कासवी खड्डा करते, अंडी घालते, माती ओढते आणि सहसा आपल्या कामाला लागते. पिल्लं आपलं आपण पाहतात. पण अडला हरी, तशी माझी गत. एका संध्याकाळी खुर्ची टाकून मी तात्यांकडे एकटक बघत बसलो. बायको मागून आली.

"काय चाललंय?"

"पोसतोय."

ती काही न बोलता आत गेली. थोड्या वेळाने तिच्या बहिणीशी फोनवर हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं, त्यात 'ह्यांना' हा शब्द फार वेळा आला.

माझी मोठी चूक म्हणाल तर नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तात्यांचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'पाणी पीत नाहीत'. पुण्यात तेव्हा पहाट होती. तरी पहिलं उत्तर मिनिटाच्या आत आलं. आपल्या माणसांना डॉक्टर व्हायला परीक्षा आडवी येते, नाही तर डॉक्टरविना ओस पडलेला दवाखाना हा प्रकार महाराष्ट्रात दिसला नसता. एका काकांनी निदान केलं : उष्णता. रात्री धने भिजत घालून सकाळी ते पाणी द्यावं. काकूंनी सब्जा सुचवला, दुधातून. दुसऱ्या काकूंनी माठात वाळा टाकायला सांगितलं आणि माठ लाल नको, काळा हवा, असं बजावलं. एका मेहुण्याने तांब्याच्या भांड्याची शिफारस केली. कोणी तरी सूर्योदयाच्या चित्रावर कासव बसवलेलं 'संयम हाच यशाचा मार्ग' पाठवून दिलं. हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तो प्राणी चार महिने झोपून काढतो आणि त्याच्या पूर्वजांनी डायनोसॉर पाहिलेत, याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

सदाशिव पेठेतल्या मावशीने मात्र थेट फोन केला. तिच्याकडे दिवाणखान्यात उत्तरेला तोंड करून पितळी कासव आहे, वास्तुवाल्याने सांगितलेलं. ते काचेच्या वाडग्यात, पाण्यात.

"आमचं बघ," मावशी म्हणाली, "अठरा वर्षं पाण्यात आहे. एकदा बाहेर आलं नाही."

"मावशी, ते पितळेचं आहे."

"वळण लावायला लागतं रे."

आणि एका चुलतभावाचा, रात्री, गट सोडून खासगी निरोप आला : 'नखं मोजलीस का?' आपल्याकडे वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो अशी एक समजूत आहे आणि तिच्यापायी माणसं कासवांसकट पोलिसांच्या हाती लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. मी मोजली. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार. अठरा. कळवलं. 'अरेरे, दोन कमी पडली,' एवढं लिहून त्याने विषय मिटवला. तात्यांच्या प्रकृतीची चौकशी त्याने त्यानंतर केलेली नाही.

या कासवांची पाण्याची व्यवस्था कळली ती गुढीपाडव्याला. तात्या नुकतेच हिवाळ्याच्या झोपेतून बाहेर आले होते. इथल्या मराठी मंडळातली दहा-बारा कुटुंबं जेवायला आलेली. श्रीखंड झालं, फोटो झाले, आणि पैठणी नेसलेल्या एका वहिनींनी "अय्या, किती गोड!" म्हणत तात्यांना दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. वाळवंटी कासव घाबरलं की मूत्राशय रिकामं करतं. आणि या मूत्राशयात नुसतं मूत्र नसतं. तीच त्याची टाकी. पावसात प्यायलेलं पाणी तिथे साठवून ते पुढे महिनोन्‌महिने पुरवून वापरतं. ही टाकी भरली की शरीराच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत भरते. माझं वजन ८० किलो. त्या हिशेबाने मला ३२ लिटर पोटात घेऊन कामावर जावं लागलं असतं.

वहिनी किंचाळल्या. जरीचे मोर भिजले. सगळं अंगण "पैठणी! पैठणी!" करत धावलं. मी धावलो आणि ओरडलो, "तात्यांचं पाणी गेलं!"

एकदम शांतता पसरली. वहिनींचे यजमान मला म्हणाले, "काय गेलं म्हणालात?"

मी समजावून सांगू लागलो, की ही साठवण गेली तर उन्हाळ्यात प्राण्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून इथे रानात कासव दिसलं तरी उचलू नये असं सरकार सांगतं, वगैरे. बायकोने मला कोपराने ढकलत आत नेलं. त्या वहिनी हल्ली आमच्याकडे आल्या तरी पंजाबी ड्रेसमध्ये येतात.

रिकामी झालेली टाकी भरायची कशी? त्यावर उपाय म्हणजे अंघोळ. पसरट भांड्यात कोमट पाणी, हनुवटीपर्यंत. त्यात कासव पंधरा-वीस मिनिटं बसवायचं. घरात तेवढं पसरट एकच भांडं होतं. रुखवतातली परात.

"त्या परातीत मी कणीक मळते," बायको म्हणाली.

"मळायचीस," मी म्हणालो. काळ बदलला की बदलला.

तात्यांना परातीत ठेवलं. त्यांनी आधी एका बाजूने बाहेर पडायचा प्रयत्न केला, मग दुसऱ्या. मग सुस्कारा टाकला, मान लांब केली आणि नाक पाण्यात बुडवलं. कासव पाणी पितं ते असं. ना लपलप, ना आवाज. नाकतोंड पाण्यात आणि गळ्याखालची कातडी हळूहळू वरखाली. आपण बघतोय हे त्याला कळलं की ते थांबतं. म्हणून मी दाराआड लपलो. मुलगी माझ्यामागे, तिच्यामागे बायको, हातात लाटणं. पाचेक मिनिटं आम्ही तिघं श्वास धरून एका परातीकडे पाहत होतो. मुलीच्या पहिल्या पावलाच्या वेळीही आम्ही एवढे गप्प नव्हतो.

तरी खातरजमा करावी म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर फार सभ्य. मी वही पुढे केली. त्यांनी ती आदराने चाळली, अर्ध्यात मिटली आणि विचारलं, "लघवीतला पांढरा भाग कसा असतो? मऊ, की खरखरीत?"

मऊ असेल तर पाणी पुरतंय. चुन्याच्या खड्यासारखा खरखरीत झाला तर कमी पडतंय, आणि पुढे मूत्राशयात खडा होऊ शकतो. मी म्हणालो, मऊ असतो. हे सांगताना माझ्या आवाजात नको तेवढा अभिमान होता, असं बायको म्हणते.

"बघू या," म्हणत डॉक्टरांनी तात्यांना उचललं.

परातीतली सगळी कमाई टेबलावरून ओघळत डॉक्टरांच्या बुटांपर्यंत गेली. डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "छान मऊ आहे." आणि तपासणीचं बिल हातात ठेवलं. त्या रकमेत पुण्यात माझ्या सबंध कुटुंबाच्या लघवीची तपासणी झाली असती, रिपोर्ट घरपोच.

कुटुंबाच्या लघवीचा विषय निघालाच आहे तर पुढचं सांगून टाकतो. त्याच उन्हाळ्यात एका मध्यरात्री माझी उजवी कूस धरली. कळ अशी, की मी जमिनीवर चारी हातापायांवर आलो आणि तसाच दिवाणखान्यातून फिरू लागलो. इस्पितळात सोनोग्राफी झाली. मूतखडा.

"दिवसाला किती पाणी पिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चहा धरून?"

"चहा सोडून."

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "डॉक्टर, ह्याच्याकडे एक वही आहे. त्यात पाण्याचं सगळं लिहिलेलं असतं. फक्त ते ह्याचं नसतं."

ही बातमी गटावर गेली. पुण्यात पहाट होती. मिनिटाच्या आत उत्तर आलं : उष्णता, रात्री धने भिजत घालावेत. मग सब्जा आला, दुधातून. वाळा आला, काळ्या माठातला. तांब्याचं भांडं आलं. काकांनी तर नवीन टंकलेखनही केलं नव्हतं. तात्यांसाठी लिहिलेलाच निरोप पुढे ढकलला होता, त्यात 'कवच कोरडे पडू नये म्हणून' हे वाक्य तसंच होतं.

याच सुमारास सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्या दहिवडीच्या. माण तालुक्यात, जिथे ढग येतात, थांबतात, बघतात आणि पुढे कोकणाच्या आठवणीने निघून जातात. पाणी या विषयात सासूबाईंचा अधिकार आमच्या गटातल्या कोणाहीपेक्षा मोठा. त्यांनी आयुष्यातली किती तरी वर्षं टँकरची वाट बघण्यात घातली आहेत. आल्या आल्या त्यांनी सोबत आणलेले हुलगे काढून माझ्यासाठी माडगं केलं आणि पेला भरून पुढ्यात ठेवला. मूतखड्याला आपल्याकडे हुलगे देतात. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या मी घेतच होतो, पण सासूबाईंना नाही म्हणायची गोळी अजून निघालेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परात, कोमट पाणी, पाण्यात बुडवायचा थर्मामीटर आणि वही असा सरंजाम घेऊन अंगणात जाताना पाहिलं.

"पाव्हणं, काय चाललंय?"

"आई, तात्यांना पाणी."

"मागितलं का त्यानं?"

"नाही."

"मग तुमी का त्येच्या मागं लागलाय?"

त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि दोघांनी एकमेकांना बराच वेळ न्याहाळलं. सुरकुतलेली मान, अर्धे मिटलेले डोळे, तोंडावर कसलीही घाई नाही. दुष्काळी मुलखातल्या दोन माणसांची ओळख पटायला बोलावं लागत नाही. सासूबाईंच्या इथल्या मुक्कामात त्यांनी देवपूजेसाठी जपलेली कुंडीतली जास्वंदीची फुलं तात्यांनी जाऊन खाल्ली, तेव्हासुद्धा त्या "गणपती काय आन्‌ ह्यो काय" एवढंच म्हणाल्या. माझ्या हातून एक पाकळी पडली असती तर वेगळं ऐकलं असतं.

तात्यांची एक सवय मला फार दिवस छळत होती. पालो व्हर्देच्या झाडाखाली ते पुढच्या पायांनी जमीन खरवडून उथळ खळगे करत. आमचा माळी ते सपाट करून जाई. तात्या पुन्हा खणत. माळी पुन्हा बुजवी. मला वाटायचं, वय झालं की माणूस काही तरी उद्योग काढतोच. सासूबाईंनी एकदाच खळग्यात हात फिरवून पाहिला.

"शेततळं हाय ह्ये."

आणि ते अक्षरशः तसंच निघालं. मोहावी वाळवंटात अभ्यासकांनी हे पाहून ठेवलंय : वाळवंटी कासवं उथळ खळगे करून ठेवतात, आणि पाऊस यायच्या बेतात असला की आधीच तिथे येऊन बसतात. आपल्या सरकारची 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ सालची. तात्यांच्या घराण्यात ती कित्येक लाख वर्षं न मागता चालू आहे, आणि तपासणीला कोणी साहेब येत नसल्यामुळे सगळी तळी जागेवर आहेत.

माळ्याला सांगितलं, खळग्यांना हात लावू नकोस. त्याने खांदे उडवले. इथल्या माळ्यांनी सरपटणाऱ्यांपेक्षा विचित्र मालक पाहिलेले असतात.

इथेही पावसाळ्याला 'मॉन्सून'च म्हणतात. हवामान खात्याच्या हिशेबाने तो १५ जून ते ३० सप्टेंबर. नाव ऐकून मी पहिल्या वर्षी भजी तळायला घेतली होती आणि आलं ते धुळीचं वादळ. त्याला हबूब म्हणतात. ते अख्खं शहर पिवळं करून जातं, आणि नशीब असेल तर मागून पाऊस येतो. त्या जुलैत तसंच आकाश भरून आलं. माझ्या फोनवरचं हवामान सांगत होतं, 'पावसाची शक्यता दहा टक्के'. मी तात्यांची अंघोळ रद्द करायची की नाही याचा विचार करत परात घेऊन उभा होतो. तात्या बिळातून निघाले, माझ्या पायाशेजारून, माझ्या परातीशेजारून न थांबता पुढे गेले आणि झाडाखालच्या मोठ्या खळग्यापाशी जाऊन बसले.

"आला टँकर," सासूबाई आतून म्हणाल्या.

आणि आला. मोठाले थेंब, मग सर. खळगा भरू लागला. तात्यांनी आधी मूत्राशयातलं जुनं, दाट पाणी सोडून दिलं. कासवं पावसात हे करतात, टँकर यायच्या आधी आपण टाकी धुऊन घ्यावी तसं. मग मान ताणून नाक गढूळ पाण्यात घातलं आणि प्यायला लागले. किती वेळ प्यायले! मी उकळून, गाळून, कोमट करून, तापमान मोजून दिलेल्या पाण्याकडे एरवी ढुंकूनही न बघणारा हा गृहस्थ चिखल पीत होता, डोळे मिटून. आम्ही चौघं छत्रीखाली. बायको म्हणाली, वहीत लिही. मी लिहायला गेलो, तर वही भिजली. सासूबाईंनी माझ्या हातातली परात काढून घेतली, पावसात विसळली आणि आत जाऊन ओट्यावर आपटली. रात्री बऱ्याच महिन्यांनी त्या परातीत कणीक मळली गेली. मी पोळ्या खाल्ल्या. चवीबद्दल कोणी बोललं नाही.

आता उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा झाडाखाली पाण्याची नळी सोडून खळगा भरतो, ताटली रोज धुऊन भरून ठेवतो, अंघोळ झोपेच्या आधी आणि झोपेनंतर. डॉक्टरांनीही एवढंच सांगितलं होतं, बिलाच्या मागच्या बाजूला. बाकी वेळी तात्या तात्यांचं बघतात. माझ्या मेजावर वेळेच्या खुणा केलेली दोन लिटरची बाटली असते. सकाळी 'अकरा वाजले, कुठवर आलं?' असा बायकोचा निरोप येतो. सासूबाई माघारी गेल्या तरी रोज फोनवर विचारतात, "पाव्हण्यांनी पानी घेतलं का?" तात्यांचं विचारत नाहीत. त्यांचा तात्यांवर विश्वास आहे.

हे वाचून कोणाला कासव पाळायची हुक्की आली असेल, तर दोन गोष्टी. अ‍ॅरिझोनात राहत असाल तर रीतसर दत्तक घ्या, आणि रस्त्याकडेला, डोंगरात, रानात कासव दिसलं तर फोटो लांबून काढा. उचलू नका, त्याचा वर्षाचा साठा तुमच्या अंगावर जाईल. महाराष्ट्रात राहत असाल तर घ्यायचंच नाही. आपल्याकडची स्टार कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ती घरात ठेवणं गुन्हा आहे, मग नखं अठरा असोत की वीस. अगदीच राहवत नसेल तर मावशीसारखं पितळी आणा. फक्त त्या वाडग्यातलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून वाडगा घासून कोरडा करा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो.